लाल ग्यारडोसच्या तळ्यावर

बालदोस्तांनो, आज तुम्हांला अशा मुलखात न्यायचंय जिथं एस.टी. जात नाही की आगगाडी. नाव जोहतो! १९९९ साली जपानमध्ये निघालेल्या 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर' या व्हिडिओ गेममधला हा प्रदेश. रचणाऱ्यांनी तो जपानच्या कन्साई भागावर बेतलाय. तिथलं मोठं शहर गोल्डनरॉड म्हणजे खरं तर ओसाकाच.

चला, आधी उत्तरेला, महॉगनी गावापलीकडच्या तळ्यावर जाऊ. पाण्याच्या मधोमध तो पाहा ग्यारडोस! केवढा अजस्र! मॅजिकार्प नावाचा दुबळा मासा मोठा झाला की त्याचा ग्यारडोस होतो. तो असतो निळा. हा मात्र लालभडक! गोष्टीतल्या दुष्ट टोळीनं रेडिओलहरी सोडून या बिचाऱ्याला बळंच मोठं केलंय. एरवी असा वेगळ्या रंगाचा प्राणी भेटण्याची शक्यता किती, ठाऊक आहे? ८१९२ मध्ये एक!

हा आकडा आला कुठून? वही काढा. इथल्या प्रत्येक प्राण्याला जन्मतःच ० ते १५ मधले चार आकडे मिळतात : हल्ला, संरक्षण, वेग आणि विशेष शक्ती. शेवटचे तिन्ही बरोब्बर १० हवेत आणि हल्ल्याचा आकडा सोळांपैकी ठरावीक आठांतला. १६ गुणिले १६ गुणिले १६ गुणिले २. करा गुणाकार!

आता दक्षिणेला, गोल्डनरॉडच्या खाली या. इथं एका आजी-आजोबांचं पाळणाघर आहे. लाल ग्यारडोस नेहमी नरच असतो. त्याला इथं ठेवा, सोबत मॅजिकार्पची साधी मादी. थोडं हिंडून आलात की आजोबा अंडं देतात. ते घेऊन चालत राहायचं, चालून चालूनच ते उबतं. मुलीला बापाचा संरक्षणाचा आकडा जसाच्या तसा मिळतो, विशेष शक्तीचा निम्म्या वेळा. उरलेले दोन नशिबावर. म्हणजे आता ६४ मुलींत एक सोनेरी! (हो, मॅजिकार्पचा दुर्मीळ रंग सोनेरी.) मुलगे मात्र आईचे आकडे घेतात, त्यामुळे त्यांच्याकडून फारशी आशा नको.

सोनेरी लेक मिळाली, की तुमच्या मनात येईल, आता बाप-लेकीचीच जोडी लावू, सगळी पिल्लं रंगीत! पण छे, आजोबा अंडं देतच नाहीत. दोघांचे संरक्षणाचे आणि विशेष शक्तीचे आकडे जुळले, की गेम त्यांना नातेवाईक समजतो. गंमत म्हणजे रंगीत प्राण्यांचे हे आकडे सारखेच, म्हणून कुठून तरी लांबून आणलेली परकी सोनेरी मासोळीही इथं 'नात्यातली' ठरते. हा जरा अन्यायच, नाही का?

पण नियम उगाच नाही. आपल्याच देशात मध्य प्रदेशातल्या रीव्याला काय झालं ऐका. १९५१ साली तिथल्या महाराजांनी एक पांढरा बछडा पकडला, त्याचं नाव मोहन. साध्या वाघिणीपासून त्याला झालेली पिल्लं सगळी पिवळी. मग त्याचीच लेक राधा हिच्याशी त्याची जोडी लावली, आणि १९५८ साली चार पांढरे बछडे जन्मले. जगभर कौतुक झालं! पण रंगासाठी पुढंही जवळच्या रक्तातच जोड्या लावत गेले, आणि कितीतरी बछडे अशक्त, व्यंग घेऊन जन्माला आले. तिथं नाही म्हणणारे आजोबा नव्हते.

पुढं २००६ साली आलेल्या 'डायमंड' आणि 'पर्ल'मध्ये तर उलटीच युक्ती आली. आई एका भाषेतल्या गेममधली आणि बाप दुसऱ्या भाषेतल्या गेममधला असेल, तर रंगीत पिल्लाची शक्यता पाचपट!

आणि हो, तळ्यावर जाण्याआधी गेम सेव्ह करायला विसरू नका. तो लाल ग्यारडोस एकदाच भेटतो. लढताना चुकून हरवलात, तर तळं रिकामं.