डेकवरचा विसावा

वाचकहो, आमच्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. आमच्या वर्धेचे आणि पैनगंगेचे पाणी प्राणहिता व गोदावरी यांच्या सोबतीने फार दूर, पूर्वेच्या सागराला जाऊन मिळते. दारव्ह्यासारख्या गावी २५ वर्षांहून अधिक काळ दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरने समुद्री कासवांविषयी काय सांगावे, असे आपल्याला वाटेल. तरीही गेल्या मार्चमध्ये कोकणातील एका मासेमारी नौकेवर मी जे ऐकले, ते आजारातून उठलेल्या वृद्धांच्या घरी पोहोचावे, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

माझी आई ७८ वर्षांची. बाबा गेल्यानंतर तिने एकच इच्छा बोलून दाखविली होती, समुद्र पाहण्याची. म्हणून आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी गेलो. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ मध्ये तेथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाचे काम सुरू केले आणि पुढे गावानेच ते आपले मानले. घरट्यांतील अंडी पूर्वी चोरीला जात, कोल्ह्याकुत्र्यांच्या तोंडी पडत. आता ती कुंपणाच्या आत, तशाच खोल खड्ड्यात पुरून जपली जातात. साधारण ५० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. त्या संध्याकाळी टोपली उचलली गेली आणि तळहातावर मावतील एवढी पिल्ले आपल्या पायांनी पाण्याकडे निघाली.

आईने विचारले, “याइची माय कुठं हाय?”

अंडी घालून ती त्याच रात्री समुद्रात परतते, असे आमच्या यजमानांनी सांगितले. पुढे म्हणाले, “आईची गोष्ट ऐकायची तर हर्णैच्या बंदरावर जा, डॉक्टर. ती तिथल्या लोकांच्या जाळ्यात सापडते.”

ओडिशाच्या किनाऱ्यावर विणीच्या हंगामात कासवांच्या रक्षणासाठी तटरक्षक दलाची जहाजे गस्त घालतात. ‘ऑपरेशन ऑलिव्हिया’ या नावाने ती मोहीम ओळखली जाते. आपल्या किनाऱ्यावर मात्र कासव वाचविणारी नौका बहुधा मासेमाराचीच असते. दुसऱ्या दिवशी यजमानांच्या ओळखीने मी छोट्या होडीतून अशा एका ट्रॉलरवर गेलो. आई किनाऱ्यावर सावलीत बसून राहिली.

नौकेवर डिझेलचा आणि मासळीचा वास भरून राहिला होता. तांडेल माझ्याच वयाचे. त्यांनी जाळ्याचा एक भाग उलगडून दाखविला. जुन्या निळ्या विणीत हिरव्या दोऱ्याचे मोठे ठिगळ होते. तेथे त्यांनी कासवासाठी जाळे कापले होते. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्र शासन अशा प्रसंगी मासेमारांना २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देते. सुटकेची छायाचित्रे मात्र सादर करावी लागतात. मी त्याविषयी विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, “जाळ्याचे पैसे मिळतात. बुडालेल्या दिवसाचे नाही मिळत.”

मग त्यांनी सांगितलेली गोष्ट मला डॉक्टर म्हणून चकित करून गेली. कासव पाण्यात राहत असले तरी फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर ते गुदमरते. “पूर्वी आम्ही जाळं कापून लगेच पाण्यात सोडायचो. वाटायचं, पाण्याचा जीव पाण्यात गेला, सुटला. पण दमलेलं कासव तळाला जातं, ते वर येतच नाही.”

आता ते तसे करीत नाहीत. निपचित पडलेले कासव मेले असे समजत नाहीत. त्याला पोटावरच ठेवतात, मागची बाजू वीतभर उंच करतात, म्हणजे फुप्फुसांत शिरलेले पाणी निथळते. सावलीत ठेवून पाठीवर ओले फडके टाकतात, नाकपुड्या मोकळ्या राखतात. कधी काही तास, कधी पूर्ण दिवस वाट पाहतात. ते नीट हालचाल करू लागले की इंजिन न्यूट्रलला आणून हलकेच पाण्यात उतरवितात.

परतताना मला बाबाच आठवत होते. तीन वर्षांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला होता. नऊ दिवसांनी रुग्णालयातून सुटी मिळाली. एक्स-रे सुधारला होता, ताप नव्हता. मी आईला सांगितले, “आता ते बरे आहेत. सारखे मागे मागे फिरू नकोस.” चौथ्या दिवशी पहाटे ते एकटेच न्हाणीघराकडे गेले, भोवळ येऊन पडले आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पहिले चालणे पुन्हा आले नाही. दीड वर्षाने ते गेले.

किनाऱ्यावर आईला मी तांडेलांचे बोलणे सांगितले. ती बराच वेळ लाटांकडे पाहत होती. मग म्हणाली, “तुह्या बाबाले आपण लवकरच सोडलं काय रे बापा?”

“आपण नाही, आई. मी,” एवढेच मला म्हणता आले.

वाचकहो, रुग्णालयातून मिळालेली सुटी म्हणजे कापलेले जाळे. त्यानंतरचा डेकवरचा विसावा घरानेच द्यायचा असतो. उतारवयात आठ-दहा दिवस अंथरुणावर गेले, तरी पायांतील शक्ती झपाट्याने ओसरते. एकदम उठल्यास रक्तदाब उतरून भोवळ येते. म्हणून उठण्यापूर्वी दोन मिनिटे खाटेच्या कडेला पाय सोडून बसावे. न्हाणीघरापर्यंत कोणीतरी सोबत असावे आणि रात्री वाटेत दिवा असावा. जुन्या व नव्या औषधांची एकच यादी डॉक्टरांकडून करून घ्यावी. वरण, दही, अंडे असे बळ देणारे अन्न थोडे थोडे द्यावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी विचारावे. बोलण्यात एकाएकी गोंधळ जाणवला, तर ते वयावर न ढकलता त्वरित डॉक्टरांना कळवावे.

विसावा म्हणजे दिवसभर खाटेला खिळणे मात्र नव्हे. सोबतीने दिवसातून चार-पाच वेळा थोडी पावले टाकावीत आणि रोज ती थोडी वाढवावीत. डेकवरचे कासवही अखेर स्वतःच पोहत जाते.

तांडेलांचे ते बुडालेल्या दिवसाविषयीचे वाक्यही मी विसरलेलो नाही. बाबांच्या आजारपणात आईने कितीतरी रात्री जागून काढल्या. त्यांचा हिशेब कोणी मांडला नाही, मीही नाही. आता माझ्याकडे सुटीचा कागद घेऊन येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मी दोन प्रश्न विचारतो. पहिले १५ दिवस यांच्याजवळ कोण राहणार? आणि त्या माणसाला झोप मिळावी म्हणून त्याची पाळी कोण घेणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आल्याशिवाय मी औषधे लिहायला घेत नाही.