सावित्रीच्या मुखाशी आलेला ग्रंथ

पोलादपूर, महाड मागे टाकून सावित्री बाणकोटला समुद्राला मिळते. स्कॉटिश मिशनने १८२३ साली कोकणातलं काम त्याच बाणकोटला सुरू केलं. पुढे १८३२ मध्ये याच मिशनचे जॉन विल्सन यांनी हिब्रू व्याकरण मराठीत आणलं. कुलाब्यातले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी, मिशनच्या शाळांत हिब्रू शिकले, पण बहुतेक जण यहुदीच राहिले. याला मिशनचं अपयश म्हणतात. मला तो जुन्या कराराच्या ख्रिस्ती वाचकासाठी धडा वाटतो. तोच ग्रंथ, तीच भाषा, आणि प्रामाणिक वाचन दोन ठिकाणी पोचतं. ग्रंथांचा क्रमच पाहा: यहुदी मांडणी इतिहास ग्रंथावर, यरुशलेमला परतण्याच्या हाकेवर संपते, ख्रिस्ती मांडणी मलाखीवर, येणाऱ्याची वाट पाहत.

म्हणून ख्रिस्ती वाचकानेही जुना करार आधी येशूकडे न नेता, त्याच्या स्वतःच्या अर्थाने वाचावा. यावर आक्षेप येतो, की येशूशिवाय जुना करार वाचायचा तर ख्रिस्ती म्हणवायचं कशाला? आक्षेप वजनदार आहे, पण मत्तयच त्याला उत्तर देतो. मिसरातून बोलावलेल्या पुत्राचं होशेयाचं वचन तो येशूला लावतो. होशेयाच्या मनात तिथे इस्राएल आहे, भविष्य नव्हे, घडलेला इतिहास आहे. निर्गमाची कथा ठाऊक नसलेल्याला मत्तयाचं म्हणणं कळूच शकत नाही. म्हणून आधी होशेय त्याच्या काळात वाचावा, मग मत्तय. उलट क्रमाने वाचणाऱ्याला दोघांपैकी एकही नीट भेटत नाही.