काठवटीस विस्तव

भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी नावाजलेले. तरी वैनगंगेकाठच्या आमच्या कारध्यात भाकरीचे पीठ लाकडी काठवटीत मळणाऱ्या वृद्धा मी पाहिल्या आहेत. परातीने काठवटीस हुसकून लाविले, याचे मला वाईट वाटे. म्हणून गतवर्षी एका वृद्ध सुतारबाबांजवळ बसून आंब्याच्या ओंडक्यातून मी एक कोरून घेतली. वाकस व पटाशी, एवढीच हत्यारे. ओले लाकूड कोरण्यास सोपे. परंतु पुढे ते सावलीत सावकाश न वाळविल्यास काठ तडकतो.

जपानात सुगी वृक्षाच्या फळ्या वरवर जाळून भिंतींस लावितात. त्यास ‘याकिसुगी’ म्हणतात. कोळशाच्या थरात वाळवीस व बुरशीस खाण्याजोगे फारसे उरत नाही. हे सांगताच बाबा हसले. “खांब गाडाच्या आदी आमी बी बुड जाळतोच ना जी, मास्तर!” तथापि आठ दिवसांच्या मेहनतीस विस्तव दाखविताना त्यांचा हात थबकलाच.

पिठात कोळसा कोणास रुचेल? म्हणून बाहेरील अंगच जाळिले. पाण्याने विस्तव मारून, काथ्याने काजळी घासून जवसाचे तेल चोळिले. ते हवेने घट्ट होते. शेंगदाण्याच्या तेलासारखे चिकट राहत नाही. मात्र तेलाची चिंधी चुरगळून ठेवू नये, ती आपोआप पेट घेते, हे बाळगोपाळांनी ध्यानी धरावे.

बाबांचा बारा वर्षांचा नातू आता दुसरा ओंडका मागत आहे. वाकस त्याच्या हाती द्यावा की नाही, याचा वाद त्या घरी अद्याप मिटलेला नाही.