तमालपत्राच्या माहेरी

मसालेभात असो की बिर्याणी, तमालपत्राशिवाय स्वाद अपुराच. पण हे पान ज्या डोंगरांवरून येतं, तिथे आपण सहसा धबधबे पाहायलाच जातो. तुमच्या बाल्कनीतलं तमालपत्राचं रोप पिवळं पडत असेल, तर मेघालयच्या सहलीत ही झाडंही जरूर पाहा. रोपाच्या तक्रारीचं उत्तर तिथेच सापडतं.

शिलाँगहून साधारण 54 किलोमीटरवर सोहरा, म्हणजेच चेरापुंजी. त्याच्या पुढे तिर्ना गावातून नोंग्रियाटच्या दुमजली जिवंत पुलाकडे 3 हजारांहून अधिक पायऱ्यांची वाट उतरते. गुडघे कुरकुरू लागले की थांबा आणि आजूबाजूला पाहा. उतारावर खासी कुटुंबांच्या सुपारीच्या बागा, त्यावर चढलेले मिरी आणि विड्याच्या पानांचे वेल आणि मधेमधे तमालपत्राची झाडं. पान चोळलं की दालचिनीसारखा वास येतो. देठापासून टोकाकडे गेलेल्या तीन ठळक शिरा ही त्याची ओळख. परदेशी ‘बे लीफ’च्या पानात मधे एकच ठळक शीर असते.

सोहरामध्ये वर्षाला सरासरी 11 हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मग इतक्या पावसात वाढणारं झाड आपल्या कुंडीत दोन तांबे पाणी जास्त झालं तर पिवळं का पडतं? कारण डोंगरउतारावर पाणी येतं, पण थांबत नाही. कुंडीत ते साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजू लागतात. दुसरं कारणही पावसातच आहे. तो मातीतला चुना धुऊन नेतो, म्हणून तिथली माती आम्लधर्मी असते. शहरात आपण बोअरवेलचं क्षारयुक्त पाणी घालतो. त्याने माती उलट अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही रोपाला ते घेता येत नाही.

आता तुमच्या रोपाकडे नीट पाहा.

खालची एक-दोन जुनी पानं पिवळी होऊन गळली, तर काळजी नको. बरीच पानं पिवळी आणि माती सतत ओली असेल, तर पाणी थांबवा, कुंडीचं छिद्र मोकळं करा आणि खालच्या ताटलीतलं पाणी ओता. यापुढे बोट दोन इंच खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्या. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील, तर लोहाची कमतरता समजा. पावसाचं साठवलेलं पाणी आणि पालापाचोळ्याचं खत द्या. नर्सरीत मिळणारं चिलेटेड लोह पाकिटावरच्या प्रमाणातच वापरा. जुन्या पानांपासून सुरुवात होऊन सगळं रोपच फिकट झालं असेल, तर मूठभर गांडूळखत घाला. मुळं छिद्रातून बाहेर डोकावत असतील, तर पावसाळ्याच्या सुरुवातीला थोडी मोठी कुंडी द्या. सकाळचं ऊन चालेल, दिल्ली-नागपूरचं मे महिन्यातलं दुपारचं ऊन नको.

पिवळी झालेली जुनी पानं सहसा पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यामुळे नव्या पालवीवर लक्ष ठेवा. ती गुलाबी-लालसर दिसली तर घाबरू नका. सोहराच्या उतारांवरही ती तशीच फुटते आणि मग हिरवी होते.