साताभोवतीचा फेर

बाबांनी पाटीवर एक लिहिला आणि म्हणाले, ‘भाग याला सातने.’ भाग जाईना. शून्य दिलं, दहा झाले. सात एके सात, बाकी तीन. सात चोक अठ्ठावीस, बाकी दोन. सात दुणे चौदा, बाकी सहा. सात आठे छप्पन्न, बाकी चार. सात पाचे पस्तीस, बाकी पाच. साती साती एकोणपन्नास, बाकी एक. जिथून निघाले तिथेच परत! पाटी भरली तरी तेच: १४२८५७, १४२८५७. माझंच काही चुकतंय असं वाटून मी रडवेली झाले. बाबांनी पाटी पुसू दिली नाही. ‘आता याची दुप्पट कर,’ एवढंच म्हणाले.

दुप्पट आली २८५७१४. तिप्पट ४२८५७१, चौपट ५७१४२८, पाचपट ७१४२८५, सहापट ८५७१४२.

आश्विनात आम्ही मुली पाटावरच्या हत्तीभोवती भोंडल्याचा फेर धरायचो. दारात उभ्या असलेल्या आईसमोर कधी मी यायची, कधी शेजारची ताई, पण कुणाच्या हातातला कुणाचा हात बदलत नसे. हे सहा आकडे तसेच फिरतात, आणि त्यांच्या मधल्या पाटावर सात आहे. सातने भागताना बाकी एक ते सहा यांतलीच उरणार. इथे त्या सहाही बाक्या एकेकदा हजेरी लावून जातात. म्हणून दोन सप्तमांश काढायचे तर नवी वाट लागत नाही, त्याच फेरात ‘बाकी दोन’पाशी शिरायचं. प्रत्येक संख्येला हे जमत नाही. तेराच्या बाक्या दोन वेगळे फेर धरतात, एक ०७६९२३चा आणि दुसरा १५३८४६चा.

या फेरात समोरासमोर कोण उभं आहे तेही पाहावं. एकासमोर आठ, चारासमोर पाच, दोनासमोर सात. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ. आणि सगळ्या संख्येला खुद्द सातानेच गुणलं, तर फेर थांबतो: ९९९९९९.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर ६१७४ मुळे जगाला माहीत झाले, पण मला ते या संख्येतही भेटतात. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. तो तोडून २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज केली की पुन्हा १४२८५७. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. तिच्या आकड्यांची बेरीज २७, आणि २७ ने तिला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं ‘हर्षद’, हर्ष देणारी. शाळामास्तराने आकड्यांकडे पाहून हा शब्द निवडला, याचं मला फार अप्रूप आहे.

सातासारखा एकच अखंड फेर धरणाऱ्या मूळ संख्या अनंत आहेत का? एमिल आर्टिन यांनी १९२७ साली मांडलेलं अनुमान खरं असेल तर आहेत. ते अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

काल रात्री सगळं आवरल्यावर वहीत एकाला सतराने भागायला बसले. शून्य, पाच, आठ, आठ, दोन, तीन... सतराचा पाढा अडखळत म्हणत गेले. दहा, पंधरा, चौदा, चार अशा बाक्या येत राहिल्या, एकही दुसऱ्यांदा आली नाही. सोळाव्या पायरीवर बारावर शून्य दिलं. सतरा साते एकोणीसाशे, म्हणजे एकशे एकोणीस. बाकी एक.