परातीच्या मापाचे बिऱ्हाड

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर झरी हे आमचे गाव असून, त्या रस्त्यावरच्या वाहनांची घरघर ऐकतच माझे बालपण सरले. तथापि अशाच एखाद्या वाहनात बिऱ्हाड थाटून उत्तरायुष्यातले काही महिने प्रवासात व्यतीत करावेत, हा विचार मनात रुजण्यास पाटबंधारे खात्यातली माझी चौतीस वर्षांची चाकरी संपावी लागली. लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ साली ज्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी झाली, त्याचा २०८ किलोमीटरांचा डावा कालवा हेच माझे कार्यक्षेत्र होते. आणि साखळी क्रमांक मोजीत, तंबूत अथवा पत्र्याच्या खोलीत मुक्काम करीत मी जो फिरलो, त्या संपूर्ण काळात माझी पत्नी झरीच्या घरी सासूसासऱ्यांची सेवा आणि मुलांचे शिक्षण सांभाळीत एका जागी राहिली. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी सेवानिवृत्त झालो, त्या रात्री ती एवढेच म्हणाली, “अहो, तुमचं फिरणं झालं, माझं राहिलंय. पण रोज नवा लॉज अन् रोज नवा जिना माझ्या गुडघ्यांना झेपायचा नाही.”

वाहन घेण्याचा निश्चय त्या वाक्यातून झाला. प्रवासाची दिशाही तिनेच सुचविली. आमच्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातले नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते, आणि पंजाबातल्या ज्या घुमान गावी त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले, तेथे २०१५ साली मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून ते गाव डोळ्यांनी पाहावे, ही तिची इच्छा होती. ज्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट झाली, त्या पुरुषाने हे दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतर पायी तोडले असेल, या कल्पनेने मी आजही स्तब्ध होतो.

वाहनांची पाहणी करताना आरंभी मी लहान व्हॅनकडे वळलो, कारण ती कोणत्याही गल्लीत शिरते; परंतु तिच्यात ताठ उभे राहता येत नाही, आणि ज्या घरात दिवसभर वाकून वावरावे लागते ते घर वृद्धांचे असू शकत नाही. मोठी बस घ्यावी, तर खेड्यापाड्यांतल्या अरुंद पुलांवर आणि आमच्या काळ्या मातीच्या कच्च्या वाटांवर तिचा निभाव लागणे कठीण. अखेरीस दृष्टी स्थिरावली ती टेम्पो ट्रॅव्हलरवर. फिरोदियांनी १९५८ साली जर्मनीतल्या टेम्पो कंपनीच्या सहकार्याने जो उद्योग उभारला, त्याच उद्योगाने पुढे मर्सिडीझच्या एका व्हॅनच्या आधारे हे वाहन घडविले. रुग्णवाहिका म्हणून ते गावोगाव पोहोचले असल्याने त्याचे सुटे भाग आणि त्याची नस ओळखणारा मिस्त्री तालुक्याच्या ठिकाणीही सापडतो. परक्या मुलखात वाहन बंद पडल्यावर जे उपयोगी पडते, ते दुकानातल्या दिव्यांच्या झगमगाटापेक्षा हेच, अशी माझी खातरजमा झाली होती.

एका व्यापाऱ्याकडची मालवाहू ट्रॅव्हलर पसंत पडली. मी इंजिन ऐकत होतो, टायरांच्या खाचा तपासत होतो. पत्नी मात्र दाराशी उभी राहून पहिल्या पायरीचे जमिनीपासूनचे अंतर आपल्या गुडघ्याशी ताडून पाहत होती. त्या दिवशी तिला दोन्ही हातांनी आधार घेऊनही वर चढता आले नाही. खरेदीच्या रकमेची घासाघीस करण्यापूर्वी मी तेथेच जमिनीवर बसून सहा-सहा इंचांच्या घडीच्या पायऱ्यांचा आणि दाराच्या कडेला लावावयाच्या पितळी दांडीचा आराखडा वहीत काढला, आणि तो तिने मान्य केल्यावरच सौदा पक्का झाला.

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकास परवानगीवाचून करता येत नाही. त्यामुळे सुताराचा हात लागण्याआधी अर्ज, नकाशा आणि दाखले यांची पूर्तता मी केली. ज्याने आयुष्यभर सरकारी दप्तर सांभाळले, त्याने नियमाला वळसा घालून वाहन रस्त्यावर आणणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले असते.

सुतारकाम मात्र पहिल्या खेपेस फसले. कारागीर कष्टाळू होता. “साहेब, शंभर वर्षं हलणार नाही,” असे म्हणत त्याने घरातल्या कपाटांना वापरतात तशी एकोणीस मिलिमीटरची प्लाय सर्वत्र ठोकली, आणि मीही, लाकडाचे वजन हिशेबात धरावयाचे सोडून, त्या भक्कमपणावर संतुष्ट राहिलो. पाण्याची टाकी त्याने जागा मोकळी सापडली म्हणून अगदी मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे बसविली. टाकी भरून जिंतूरच्या दिशेने निघालो, तोच सुकाणू हलके लागू लागले आणि वळणावर गाडीचे शेपूट आपल्या मर्जीने झुलू लागले. मागच्या आसाच्या पलीकडे ठेवलेला भार तरफेप्रमाणे पुढची चाके उचलू पाहतो, आणि अर्धी रिकामी टाकी तर अधिकच घातक, कारण तीत पाणी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळत राहते. कालव्याच्या दरवाजाशी हे पाण्याचे सामर्थ्य मी उभा जन्म पाहिले होते, आणि तरीही माझ्याच घराच्या बाबतीत मला ते स्मरले नाही, याची रुखरुख अद्याप गेलेली नाही.

परतताना एका जिनिंगच्या भुईकाट्यावर, जेथे हंगामात कापसाच्या गाड्या तोलल्या जातात, मी आधी पुढची चाके, मग मागची, अशी दोन वजने करविली. त्या दोन चिठ्ठ्यांनी सर्व काही सांगितले. जाड प्लाय काढून बारा मिलिमीटरची घातली, दारांच्या जागी बहुतेक ठिकाणी कापडी पडदे आले, आणि ऐंशी लिटरची टाकी दोन आसांच्या मध्ये, खालच्या अंगास, आत आडव्या पट्ट्या घालून बसविली. दुसऱ्या तोलात शंभर किलोंहून अधिक भार उतरला होता.

आणि मग परातीचा प्रश्न उपस्थित झाला. सुताराने ओटा चौदा इंच रुंद ठेवला होता. चित्रांत पाहिलेल्या अशा वाहनांत तो तेवढाच असतो. पत्नीने घरून आपली दीड फूट व्यासाची परात आणली, ओट्यावर ठेवली, आणि ज्वारीच्या पिठाचा गोळा हातात नसतानाही भाकरी थापण्याची हालचाल करून दाखविली. परात एका थापेसरशी कलंडली. ती काही बोलली नाही. परंतु ज्या बाईने चाळीस वर्षे जमिनीवर बसून भाकरी थापली आणि जिचे गुडघे आता तसे बसू देत नाहीत, तिला उभ्याने थापता येईल असा ओटा देता न आल्यास या सगळ्या खटाटोपाचे प्रयोजनच संपते, हे मला त्या क्षणी लख्ख दिसले. ओटा वीस इंचांचा केला, उंची तिच्या कोपरापासून खाली मोजून ठरविली, आणि त्यासाठी समोरचे माझे पुस्तकांचे कपाट समूळ काढले. आता माझ्यासोबत ज्ञानेश्वरी आणि नामदेवांची गाथा, एवढेच ग्रंथ आहेत.

शेगडीसाठी पाच किलोची गॅसची टाकी घेतली. तो वायू हवेपेक्षा जड असल्याने तिच्या कप्प्याच्या तळालाच बाहेर उघडणारे भोक ठेवले. माझे इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहावे म्हणून एक लहान शीतपेटी, तिच्यासाठी छतावर सौर पट्ट्या आणि खाली सुमारे अडीच युनिटांची बॅटरी, एवढी विजेची तजवीज पुरेशी झाली.

उष्णतेचा बंदोबस्त याहून कठीण होता. परभणीचा वैशाख ज्याने सोसला आहे, त्याला पत्र्याच्या छताखाली दुपार म्हणजे काय ते सांगावयास नको. पत्र्यास आतून फोमचे अस्तर दिले, छतात हवा बाहेर फेकणारा पंखा बसविला. तरी काचांतून ऊन येतच होते. तेव्हा पत्नीने जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवून त्यांचे खिडक्यांच्या मापाचे पडदे केले. त्यांतल्या एका पडद्यात माझ्या आईचे हिरवे इरकल आहे.

गेल्या आठवड्यात पूर्णेवरच्या येलदरी धरणाजवळ परवानगी घेऊन पहिला मुक्काम केला. संध्याकाळी ती पितळी दांडी धरून, कुणाचा हात न घेता, पायऱ्या चढली. ओट्याशी उभी राहून तिने चार भाकरी केल्या, आणि धरणाच्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात आम्ही त्या लसणाच्या चटणीशी खाल्ल्या. नामदेवांच्या जन्मतिथीस, कार्तिक शुद्ध एकादशीला, नर्सीस दर्शन घेऊन उत्तरेकडे निघावयाचे ठरले आहे. खड्ड्यांत परात खणखणत असे, म्हणून तिच्या खाचेत वाकळीची पट्टी लावली. तो आवाज आता बंद झाला आहे. तांब्या मात्र अजून वाजतो, आणि हे लिहीत असताना ती त्याच्यासाठी दुसरी पट्टी शिवीत समोरच बसली आहे.