बटणात न मावणारी अक्षरे

सोमवार, 6 जानेवारी 2025

कामानिमित्त व्हाइटफील्डला. आयटीपीएल या टेक पार्कच्या आवारात काच, पोलाद आणि मापात कापलेली हिरवळ. हे पार्क 1990 च्या दशकात सिंगापूरच्या भागीदारीतून उभे राहिले, आणि तसेच दिसते. बेंगळुरू शोधायचे तर फाटकाबाहेरच्या चहाच्या गाडीपाशी यावे लागते.

दुपारी एका ॲपची कन्नड आवृत्ती पाहिली. बटणावर ‘ओप्पुत्तेने’, म्हणजे ‘मान्य आहे’. कन्नडमध्ये जोडाक्षरातला दुसरा वर्ण पहिल्याच्या पायाशी बसतो. त्याला ओत्तक्षर म्हणतात. बटणाची उंची मात्र रोमन अक्षरांच्या बेताची. त्यामुळे ‘प्प’ आणि ‘त्त’ दोन्ही खालून छाटलेले. शेजारी बसणाऱ्या हासनच्या मुलीला दाखवले. ती म्हणाली, “सर, मी फोन इंग्रजीतच ठेवते. पण अम्माला इंग्रजी येत नाही. ती सगळं मला विचारून दाबते.”

बुधवार, 8 जानेवारी

रात्री र. कृ. जोशींविषयी वाचत बसलो. कवी, सुलेखनकार, जाहिरातक्षेत्रातून पवईच्या आयआयटीत शिकवायला गेलेले. विंडोजमधला देवनागरीचा ‘मंगल’ फॉन्ट त्यांचा. 2001 च्या विंडोज एक्सपीबरोबर कन्नडसाठी ‘तुंगा’ आला, त्याचे दिग्दर्शनही त्यांचेच. नाव कर्नाटकातल्या नदीचे, नजर मराठी सुलेखनकाराची! कितीतरी कचेऱ्यांत कन्नड मजकूर याच वळणाने पडद्यावर उमटला. टंकाखाली सही नसते, म्हणून वाचणाऱ्याला कर्त्याचे नाव कळत नाही. 2008 मध्ये ते गेले. संगणकाचे सौंदर्य म्हटले की आपण चकचकीत फोनबद्दल बोलतो. दिवसभर डोळ्यांसमोर असते ते अक्षर. ते कोणीतरी हाताने, विचार करून घडवलेले असते, हे ध्यानातच येत नाही.

शनिवार, 11 जानेवारी

के. आर. मार्केटात गेलो होतो. 2024 च्या कायदादुरुस्तीने दुकानाच्या फलकावर साठ टक्के कन्नड सक्तीचे झाले. मागणी रास्त आहे. ज्या गावात धंदा करायचा तिथल्या लिपीला मान हवाच. पण कायदा जागा मोजतो, वळण मोजत नाही. एका कापडवाल्याने फलकाची जागा भरण्यासाठी संगणकावर अक्षरे आडवी ताणली आहेत; गोल कन्नड ‘ठ’ लंबगोल झालाय. दोन दुकाने सोडून जुना रंगवलेला फलक आहे. त्यावर रंगाऱ्याने शेवटचा शब्द मावेना म्हणून अक्षरे किंचित अरुंद केली, पण एकाचाही तोल जाऊ दिला नाही. ताणायला माऊसची एक ओढ पुरते, तोल सांभाळायला नजर लागते. ती नजर असलेल्या हातांना आता काम मिळत नाही.

रविवार, 12 जानेवारी

आपल्याकडे तरी काय वेगळे? महाराष्ट्र शासनाने 2009 मध्ये निर्णय काढून मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ प्रमाण ठरवले. पडद्यावर बहुधा हिंदी वळणाचेच दिसतात. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली की मराठी रूप आपसूक येते. ती नोंद करायला मिनिटही लागत नाही, पण कोणी करत नाही. म्हणजे अडचण यंत्राची नाही, आस्थेची आहे. तिची किंमत हासनच्या त्या अम्मासारखी माणसे मोजतात: लेकीला विचारल्याशिवाय बटण दाबता येत नाही.

या शहरात मराठी इंजिनियर काही कमी नाहीत. त्यांना एवढेच सांगणे: पडदा ग्राहकाकडे पाठवण्याआधी त्यावर एकदा ‘ओप्पुत्तेने’ कन्नडमध्ये आणि ‘वाऱ्यावर’ मराठीत लिहून बघा. अक्षर छाटले जात असेल तर बटण मोठे करा.